केलेली जमीन

ठाण्याच्या खाडीकाठची आणि उल्हास नदीच्या मुखाकडची पुष्कळ जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. ती माणसांनी केली आहे. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे चिखलाचा बांध घालायचा, समुद्राच्या अंगाला दगड रचायचे, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाईल आणि भरतीला बाहेरचं आत येणार नाही अशी उघाडी बसवायची, आणि मग पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहायची. पहिल्या वर्षांत तिथे जेमतेम गवत येतं. पुढे काळा राता, भुरा राता असलं खारं पाणी सोसणारं लाल भात रुजतं. मग कधीतरी एका पिढीच्या हातची ती खाजण जमीन पुढच्या पिढीच्या हाती शेत म्हणून येते. तीही कायमची नाही. खेकडे बांधाला बिळं पाडतात, उधाणाला बांध खचतो, खांड पडते आणि एका रात्रीत सगळं शेत पुन्हा समुद्राचं होतं. खांड बुजवायला एका घराचे हात पुरत नाहीत, सगळा गाव उतरावा लागतो, आणि तोही पुढच्या भरतीच्या आत.

आगरी समाजाविषयी सांगायला सुरुवात करायची तर या बांधापासूनच करावी असं मला वाटतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, दिवा, कळवा, मुंब्रा आणि खाडीपलीकडे पनवेल, उरण, पेण, अलिबाग असा हा पट्टा आहे. इथल्या माणसाने पावसाळ्यात भात केलं, हिवाळा-उन्हाळ्यात मिठागरात मीठ पिकवलं आणि उरलेल्या दिवसांत खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी धरली. बाहेरच्या लोकांना मात्र हा समाज बहुधा दोनच रूपांत दिसतो. एक हळदीच्या रात्री अंगभर सोनं घालून नाचणारा, आणि दुसरा रस्ता अडवून प्रकल्पाला विरोध करणारा. पहिल्या रूपाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याचा राग येतो. दोन्हींच्या मागे जे श्रम आहेत ते दिसत नाहीत. जमीन ज्यांनी केली त्यांना तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हाच गेल्या शंभर वर्षांतल्या आगरी राजकारणाचा मूळ प्रश्न आहे. मोबदला, टक्केवारी, नावं, हद्दी हे सगळं त्या प्रश्नातून निघालेलं आहे. पुढच्या पानांत गावागावांतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी येतील. त्या वाचताना हा धागा हाती असावा म्हणून ही प्रस्तावना.

हा पट्टा जगाच्या नकाशावर फार जुना आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या पुस्तकात कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून येतं. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं अदुलिस बंदर आणि तिथून आत आठ दिवसांच्या वाटेवरचं अक्सुम शहरही आहे. अक्सुम आज इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात आहे. म्हणजे तिग्रायी लोकांच्या पूर्वजांची राजधानी आणि आपलं कल्याण एकाच व्यापारी वाटेवरची ठिकाणं होती. तिग्रायचं नाव आपल्याकडे ऐकू आलं ते नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे युद्ध पेटलं तेव्हा. २ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रिटोरियात करार होईपर्यंत त्या प्रांताने वेढा, उपासमार आणि अत्याचार भोगले. त्या यातनांशी इथल्या कोणत्याही लढ्याची बरोबरी करायची नाही, ते अन्यायाचं होईल. पण तिग्रायच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून माती धरून ठेवायची कामं गावं दरवर्षी ठरलेले दिवस एकत्र येऊन, मोबदला न घेता करत आली आहेत, हे वाचलं तेव्हा मला आपल्या खारबंदिस्तीची आठवण झाली. जिथे एकट्याला जमीन राखता येत नाही, तिथे लोकांना एकत्र येण्याची सवय असते. राज्यकर्त्यांना या सवयीची धास्ती वाटते, आणि त्यांच्याशी झगडताना लोकांच्या कामी येते तीही हीच सवय.

आगऱ्यांना ती सवय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कामी आली ती खोतांविरुद्ध. बांध घातला कुळांनी, राखला कुळांनी, पण कागदावर जमीन खोताची किंवा सावकाराची. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून त्याच्या कोठारात जायचा. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं की जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं या संपात उतरली आणि तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने पेरणी थांबवायची म्हणजे स्वतःच्याच ताटातला घास काढायचा. या लोकांनी सहा वर्षं लाकूडफाटा विकून, मासळी धरून, मजुरी करून काढली. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. त्याच सुमारास १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढू लागली. १९४८ सालीच खार जमिनींसाठीही वेगळा कायदा झाला. गावानं गावापुरता केलेला बांध आता सरकारी योजनेचा भाग झाला.

चरीच्या आधी तीन वर्षं, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. तिथे मारल्या गेलेल्या सत्याग्रहींत आगरी होते तसेच कोळीही होते आणि नाग्या महादू कातकरीही होता. पंधरा वर्षांनी, जानेवारी १९४५ मध्ये, कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, आणि तिथून शामराव व गोदावरी परुळेकर वारली पाड्यांकडे गेले. वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेलं बंड त्यातून उभं राहिलं. गोदाताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याचीच हकिगत सांगतं. आगरी, कोळी, कातकरी, वारली यांचे लढे आज आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ते एकमेकांना लागून, कधी एकाच मैदानात लढले गेले.

कुळाच्या नावावर जमीन चढली आणि एक पिढी सरते न सरते तोच तिच्यावर नवा दावेदार आला. या वेळी दावेदार खोत नव्हता, सरकार होतं, म्हणून त्याच्याशी भांडणं अधिक अवघड झालं. मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, घ्यायचं ठरलं. बेलापूर, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली ही आज रेल्वे स्टेशनांची म्हणून ओळखीची नावं त्या गावांची आहेत. शहर हवं होतं, मुंबईची कोंडी फोडायची होती, हे सगळं खरं. पण भाव ठरवताना सरकारने त्या जमिनीला पडीक खाजणाच्या जवळचं मोल दिलं, आणि तिच्यात मुरलेले श्रम हिशेबात धरले नाहीत.

दि. बा. पाटील हे नाव इथे येतं. १३ जानेवारी १९२६ रोजी जासईत शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले, वकील झालेले, शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे पाच वेळा आमदार, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, दोनदा खासदार. त्यांचं वेगळेपण असं की त्यांनी शहराला नकार दिला नाही, शहरात वाटा मागितला. जमीन घ्या, पण विकसित झालेल्या जमिनीतला हिस्सा मूळ मालकाला परत द्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरजवळ पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यांच्या रक्तावर साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. तिचा निर्णय १९९० मध्ये झाला, भूखंड मिळायला आणखी वर्षं लागली. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी गावं उठवली तेव्हा हाच हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. भूसंपादनात मालकाला भागीदार मानावं ही कल्पना आज तज्ज्ञांच्या अहवालांत नव्याने सुचवली जाते, तेव्हा दास्तान फाट्याचा उल्लेख कुठे नसतो. तो असायला हवा.

२४ जून २०१३ रोजी दिबा गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली आणि दिबांच्या स्मृतिदिनी, २४ जूनला, बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा गेला. डोंबिवली, कल्याण ग्रामीण, भिवंडी इथून भरलेल्या गाड्या गेल्या. ज्यांची एक गुंठाही जमीन विमानतळात गेली नव्हती अशी तरुण मुलं त्यांत होती. नावासाठी एवढा आटापिटा का, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. धावपट्टीखाली कोणाची शेतं आणि कोणाचे बांध आहेत ते कुठे तरी लिहिलेलं असावं, एवढीच ती मागणी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने दिबांच्या नावाचा ठराव केला.

आता खाडीच्या अलीकडे, घराजवळ यायला हवं. नवी मुंबईच्या लढ्याला नेता मिळाला, तारखा मिळाल्या, हुतात्मा स्मारकं मिळाली. कल्याण-डोंबिवलीतल्या गावांचं तसं झालं नाही. इथे जमीन एका झटक्यात, एका प्रकल्पासाठी गेली नाही. ती तुकड्यातुकड्याने गेली, दर वेळी वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या खात्याकडे. १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आली. १९६० च्या दशकात सोनारपाडा, गोळवली, सागाव, आजदे परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भाताच्या शेतांत रासायनिक कारखाने आले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ च्या स्फोटांनी तिथल्या वस्तीला काय शेजार मिळाला आहे ते साऱ्या राज्याला कळलं. गावकरी ते नाल्याच्या रंगावरून आणि विहिरीच्या वासावरून कधीचे ओळखून होते.

नेवाळीची गोष्ट जुनी आणि सर्वांत कमी सांगितलेली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणच्या दक्षिणेला, हाजीमलंगच्या वाटेवर, विमानांच्या धावपट्टीसाठी दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि शेतकरी पुन्हा त्याच जमिनीत उतरले. सत्तर वर्षं भात पिकवलं. कागदोपत्री मात्र ती जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. २०१७ मध्ये नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला नेवाळीत उद्रेक झाला. रस्ते अडले, गाड्या जळल्या, पोलिसांनी पेलेट गन वापरल्या. जाळपोळीचं समर्थन कोणी करू नये. पण जून महिना आहे, पेरणी तोंडावर आहे आणि आजोबांनी कसलेल्या शेताच्या कडेने भिंत चढते आहे, हे लक्षात न घेता त्या दिवसाविषयी लिहिलं तर ते अर्धवट ठरेल. युद्धकाळात घेतलेली जमीन युद्धानंतर परत का झाली नाही, या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या शेतकऱ्यांना मिळालेलं नाही.

आणि सत्तावीस गावं. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिका झाली तेव्हा निळजे, काटई, घारिवली, संदप, उसरघर, भोपर, दावडी, पिसवली, द्वारली, भाल, वसार, हेदुटणे अशी आजूबाजूची गावं तिच्यात घेतली गेली. कर शहराचा आणि सोयी गावच्या, अशी तक्रार वाढत गेली, आणि १२ जुलै २००२ ला ही गावं बाहेर काढावी लागली. १ जून २०१५ ला ती परत आत घेतली. लोकांनी स्वतंत्र नगरपालिका मागितली. २०२० मध्ये अठरा गावं वेगळी काढून नऊ आत ठेवण्याचा निर्णय झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दरम्यान, याच पट्ट्यातल्या दहा गावांत सुमारे १,०८९ हेक्टरांवर कल्याण विकास केंद्राची घोषणाही झाली होती. आत, बाहेर, पुन्हा आत, बरीच बाहेर, पुन्हा सगळी आत. दर वेळी निर्णय मंत्रालयात किंवा न्यायालयात झाला आणि गावांना तो अधिसूचनेतून कळला. या गावांची सर्वपक्षीय संघर्ष समिती त्यामुळेच टिकली. ज्या तालुक्यात भाऊभाऊ वेगळ्या पक्षात असतात, तिथे या एका प्रश्नावर सगळे एका सतरंजीवर बसले.

या गावांत टोलेजंग गृहसंकुलं उभी राहिली आणि पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. ७ मे २०२२ रोजी संदपच्या खदाणीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच घरातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. महापालिकेच्या हद्दीत, महानगराच्या ऐन मध्यावर, माणसं धुण्यासाठी खदाणीच्या पाण्यावर जातात. सत्तावीस गावांचा लढा कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी आधी ही तारीख सांगेन.

आता वारशाविषयी. वारसा म्हटलं की लोक नाचगाणी, जेवण आणि दागिने एवढ्यावर थांबतात. मला वाटतं आगरी वारशाचा गाभा लग्नाच्या मांडवात आहे, पण तो डीजेपाशी नाही, धवलारणीपाशी आहे. धवलारीण म्हणजे लग्नाचे सगळे विधी धवळे गाऊन पार पाडणारी बाई. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक टप्प्याचं गाणं तिला येतं. हे कुठे लिहिलेलं नसतं, एका बाईकडून दुसरीकडे जातं. पौरोहित्य बायकांनी करावं की नाही यावर शहरात चर्चासत्रं भरतात, आणि त्या शहराच्या पोटातल्या गावांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आज धवलारणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि जुने धवळे ऐकून, उतरवून घेण्याचं काम करायला वेळ थोडा आहे. या संग्रहातला त्यांच्यावरचा भाग सावकाश वाचावा.

दुसरा धागा वारकऱ्यांचा. सावळाराम महाराज म्हात्रे यांनी या परिसरातल्या आगरी गावांना कीर्तनाची, सप्ताहाची आणि पंढरीच्या वाटेची गोडी लावली. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला त्यांचं नाव आहे, आणि त्याच मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं यजमानपद आगरी यूथ फोरमकडे होतं, स्वागताध्यक्ष गुलाब वझे होते, अध्यक्ष अक्षयकुमार काळे. शहराच्या शाळांत ज्या बोलीला अशुद्ध म्हणून हसलं गेलं, ती घरात बोलणाऱ्या लोकांनी साऱ्या मराठीला जेवू घातलं, मांडव घातला, पाहुण्यांची राहायची सोय केली. वर्तमानपत्रांत तेव्हा गर्दीची आणि पुस्तकविक्रीची चर्चा झाली. मला त्या यजमानपदाचं मोल फार वाटतं. आगरी बोलीत आता कविता, कथा, नाटक लिहिलं जातं, आगरी साहित्य संमेलनं भरतात. पण वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला ‘पानी’ म्हटल्याबद्दल अजूनही टोकलं जात असेल तर ही संमेलनं पुरेशी नाहीत.

काही गोष्टी या समाजातल्या माणसांना आवडणार नाहीत, तरी त्या इथे यायला हव्यात. सगळी जमीन सरकारने नेलेली नाही. पुष्कळ जमीन विकली गेली, आणि विकणाऱ्यांत, मध्यस्थांत, भराव घालणाऱ्यांत गावचेच लोक होते. खाडीचे बांध ज्यांच्या आजोबांनी राखले, त्यांच्याच काही नातवांच्या डंपरनी खारफुटी बुजवली. डोंबिवली परिसरातल्या बनावट परवानग्यांच्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा त्यांत आयुष्यभराची पुंजी घालून राहायला आलेल्या साध्या माणसांवर उघड्यावर येण्याची वेळ आली. गरजेपोटी बांधलेलं घर आणि नफ्यासाठी रातोरात उठवलेली इमारत यांत फरक आहे. गावठाणाची हद्द वर्षानुवर्षं वाढवली गेली नाही म्हणून वाढत्या कुटुंबाने परसात दोन खोल्या काढल्या, त्यांना अनधिकृत म्हणणं अन्यायाचं आहे. पण त्या न्याय्य मागणीच्या आडोशाने जे झालं, त्याविषयी गप्प राहून ती मागणी बळकट होत नाही.

बायकांचं काय झालं हा याहून अवघड भाग. लावणी त्यांनी केली, मिठाच्या टोपल्या त्यांनी वाहिल्या, मोर्चात पुढे त्या राहिल्या. नेवाळीतही राहिल्या, बेलापूरलाही राहिल्या. सातबाऱ्यावर मात्र नावं भावांची आणि नवऱ्यांची. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. त्यानंतर जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गावोगाव बहिणींकडून हक्कसोडपत्रांवर सह्या घेतल्या गेल्या. सही न करणारीला माहेर तुटलं. साडेबारा टक्क्यांत बहिणीचा वाटा किती, हा प्रश्न एकाही सभेच्या व्यासपीठावरून मी ऐकलेला नाही. ज्या समाजाने सरकारला वाटा मागायला शिकवलं, त्याने घरातही तो हिशेब मांडायला हवा. तसाच हिशेब गावाच्या वेशीबाहेरच्या कातकरी वाडीचाही आहे. बांधावर त्यांचे हात होते, मिठागरात होते, चिरनेरच्या हुतात्म्यांत त्यांचा माणूस आहे. मोबदल्याच्या यादीत ते कुठेच नाहीत, कारण त्यांच्या पायाखालची जमीन कधी त्यांच्या नावावर नव्हती.

आता म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन येतं आहे. विरार-अलिबाग मार्गिकेसाठी कल्याण तालुक्यातून आखणी झाली आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि तिथल्या मीठ पिकवणाऱ्यांचं पुढे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. म्हणजे या पुस्तकाचा विषय इतिहासात जमा झालेला नाही.

म्हणूनच यातल्या आठवणींना कागदांची जोड मिळायला हवी. गावोगाव लोकांच्या पेट्यांत जुने सातबारे आहेत, फेरफाराच्या नकला आहेत, भूसंपादनाचे निवाडे, मोबदल्याच्या पावत्या, खंडाच्या चिठ्ठ्या, मोर्चांची पत्रकं आहेत. घर पाडून इमारत होते तेव्हा या पेट्या रद्दीत जातात. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते टाकून देऊ नयेत, त्यांच्या नकला काढून गावच्या वाचनालयात ठेवाव्यात. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारावं, कारण कोणत्या शेताला कोणतं नाव होतं आणि कोणत्या उधाणाला कुठे खांड पडली होती हे त्यांनाच ठाऊक असतं. शेतांची नावं सातबाऱ्यावर नसतात, तिथे फक्त गट क्रमांक असतो. संदपपासून हेदुटण्यापर्यंतच्या प्रत्येक गावातल्या शेतांची, बांधांची, उघाड्यांची आणि विहिरींची नावं जुळवून एक नकाशा करणं हे पुढचं काम आहे, आणि ते या पिढीतच व्हायला हवं.